स्मॉल मॉडेलमध्ये फार पॉइंटर: सेगमेंट कुठे हरवतो आणि तो कसा सांभाळायचा

टर्बो सीमध्ये प्रोग्राम लिहून पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव उमटवायचं, एवढाच प्रयोग. विद्यार्थिनीने पत्ता बरोबर काढला, फार पॉइंटर (दूरच्या मेमरीचाही पूर्ण पत्ता धरणारा) बरोबर बनवला आणि त्यात नाव टाकायला सरळ स्ट्रकॉपी हे मजकूर उतरवणारं फंक्शन वापरलं. पडदा कोराच. प्रोग्राम संपताना मात्र खाली ओळ आली: ‘नल पॉइंटर असाइनमेंट’. ती म्हणाली, "सर, पॉइंटर नल नाहीये, मी छापून बघितलाय." खरंच नव्हता. पण स्ट्रकॉपीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा अर्धा भाग गळून पडला होता.

फार पॉइंटरच्या जवळजवळ सगळ्या चुका याच जातीच्या असतात. पॉइंटर चार बाइटचा असतो: दोन बाइट सेगमेंट, म्हणजे मेमरीचा कोणता तुकडा, आणि दोन बाइट ऑफसेट, म्हणजे त्या तुकड्यात किती आत. स्मॉल मॉडेल म्हणजे कोडला एक आणि डेटाला एक तुकडा देणारी मांडणी; तिथल्या बाकी सगळ्या यंत्रणेला दोनच बाइटची सवय. त्यामुळे पॉइंटर एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे सेगमेंट गुपचूप गळतो. पुढचे टप्पे त्या गळतीच्या जागांच्या क्रमाने लावले आहेत. क्रम मोडू नका.

लेखात टर्बो सी++ ३.० आणि डॉसबॉक्स (आजच्या मशिनवर जुना डॉस चालवणारा प्रोग्राम) गृहीत धरलं आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांत अजून तेच आहे. कीवर्ड आणि फंक्शनची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीचं स्पेलिंग.

१. फार हवा आहे का, ते आधी ठरवा

स्मॉल मॉडेलमध्ये कोडला एक ६४ केबीचा सेगमेंट मिळतो. ग्लोबल डेटा, स्टॅक आणि जवळचा हीप (चालताना मागून घ्यायची मेमरी) यांना मिळून दुसरा. डेटाचे सगळे पॉइंटर या दुसऱ्या सेगमेंटच्या आतले, म्हणून दोन बाइट पुरतात. सदाशिव पेठेतल्या सदाशिव पेठेत पत्ता सांगताना नुसता घरनंबर चालतो, तसंच. पेठ ओलांडली की पेठेचं नाव सांगावं लागतं. ते नाव म्हणजे सेगमेंट.

स्मॉल मॉडेल ठेवून फार वापरण्याची कारणं मोजकी आहेत:

- व्हिडिओ मेमरी, बायोसचा डेटा, इंटरप्ट व्हेक्टर (इंटरप्ट आला की कुठे जायचं त्या पत्त्यांची यादी) अशा ठरलेल्या जागी हात घालायचा आहे.
- एखाद-दुसरा मोठा बफर ६४ केबीत मावत नाही. लिंकरने ‘ग्रुप डीग्रुप एक्सीड्स ६४के’ म्हटलं असेल (डीग्रुप म्हणजे तोच डेटाचा सेगमेंट) तर तुम्ही इथेच आहात.
- डॉसच्या एखाद्या सेवेला सेगमेंट आणि ऑफसेट वेगवेगळे द्यायचे आहेत.

निम्म्याहून जास्त डेटा बाहेर जाणार असेल तर हा खटाटोप करू नका. कॉम्पॅक्ट मॉडेल घ्या. तिथे डेटाचे पॉइंटर आपोआप चार बाइटचे असतात आणि लायब्ररीही त्याच हिशेबाने लिंक होते. पंधरा ठिकाणी फार लिहून सोळाव्या ठिकाणी विसरण्यापेक्षा ते बरं.

२. तयारी

ऑप्शन्स, कंपायलर, कोड जनरेशन या मार्गाने जाऊन मॉडेल खरोखर ‘स्मॉल’ आहे ना, ते डोळ्यांनी बघा. प्रयोगशाळेतल्या मशिनवर आधीच्या बॅचने ते काहीही करून ठेवलेलं असतं. लार्जमध्ये चालणारा चुकीचा प्रोग्राम स्मॉलमध्ये पडतो, आणि घरी चाललेला कॉलेजात का चालत नाही याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच निघतं.

प्रोजेक्टमध्ये एकाहून जास्त फाइल असतील तर सगळ्या एकाच मॉडेलमध्ये नव्याने कंपाइल करा. जुनी ऑब्जेक्ट फाइल दुसऱ्या मॉडेलची राहिली की लिंकर ‘फिक्सअप ओव्हरफ्लो’ म्हणतो आणि माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

सगळ्या वॉर्निंग चालू करा. दोन वॉर्निंग आजपासून एररच समजायच्या: ‘सस्पिशस पॉइंटर कन्व्हर्जन’ आणि ‘कॉल टू फंक्शन विथ नो प्रोटोटाइप’. शक्य असेल तर फाइलचं एक्स्टेन्शन सीपीपी ठेवा. मग याच दोन गोष्टींवर कंपायलर पुढेच जात नाही. एरवी सीपीपी एक्स्टेन्शन द्यायची सवय मला आवडत नाही, पण इथे ती पहारेकऱ्याचं काम करते.

कीवर्डचा पर्याय ‘आन्सी’वर असेल तर फार हा शब्दच ओळखला जात नाही. तो ‘टर्बो सी++’वर ठेवा.

*सावधान:* हाच कोड आजच्या कोडब्लॉक्समध्ये टाकला तर फार शब्दावरच अडतो. मग कोणीतरी ‘फार’ची रिकामी डिफाइन करून ठेवतो. कंपाइल होतं आणि चालवल्या चालवल्या कोसळतं. पडद्याच्या मेमरीचा बी८०० हा पत्ता (टप्पा ४) रिअल मोडमधला, म्हणजे डॉसच्या थेट मेमरीत हात घालणाऱ्या पद्धतीतला आहे. विंडोजच्या ६४ बिट प्रोग्रामला तो लागू नाही.

३. घोषणा

इथली चूक इतकी सरावाची आहे की ती आधी दाखवतो:

कॅर फार *अ, *ब;

‘अ’ फार झाला. ‘ब’ नाही. फार हा शब्द त्याच्या लगेच उजवीकडच्या ताऱ्यालाच चिकटतो. स्वल्पविरामानंतर तो पुन्हा लिहावा लागतो. तसंच ‘कॅर * फार अ’ असं उलटं लिहिलं तर अर्थ बदलतो: पॉइंटर जवळचाच, पण तो स्वतः दूरच्या सेगमेंटमध्ये ठेवा, असा.

दोन्ही कटकटी एका टाइपडेफने मिटतात:

टाइपडेफ अनसाइन्ड कॅर फार *फारबाइट;
फारबाइट अ, ब;

आता दोन्ही फार. ‘अनसाइन्ड’ मुद्दाम घेतलं आहे, नाहीतर १२७ च्या वरचे बाइट ऋण छापले जातात.

*तपासा:* साइझऑफ अ आणि साइझऑफ ब छापा. दोन्हीकडे ४ यायला हवेत. कुठे २ दिसला तर तिथेच थांबा.

४. पत्ता बनवणं

प्रोसेसर सेगमेंटला १६ ने गुणतो आणि त्यात ऑफसेट मिळवतो. रंगीत टेक्स्ट पडदा सरळ मोजणीत हेक्स बी८००० वर आहे, म्हणजे सेगमेंट बी८००, ऑफसेट शून्य. शेवटचं शून्य सेगमेंटमध्ये लिहायचं नाही, ते गुणाकारात येतं.

हे न कळल्याने सरळ पत्ताच कास्ट केला जातो:

(फारबाइट) ०एक्सबी८०००

कंपायलर निमूटपणे मान्य करतो. पण चार बाइटमध्ये हा आकडा भरला की वरच्या दोन बाइटमध्ये ०००बी आणि खालच्या दोनमध्ये ८००० जातात. प्रत्यक्ष पत्ता होतो हेक्स ८०बी०, म्हणजे साधारण ३२ केबीच्या आसपास, मेमरीच्या खालच्या भागात, जिथे डॉस आणि त्याची माणसं राहतात. तिथे लिहिलंत तर मशिन लगेच किंवा दहा मिनिटांनी अडकतं. दहा मिनिटांनी अडकलेलं जास्त वाईट.

म्हणून कास्टच्या नादी न लागता डॉस हेडरमधला एमके_एफपी मॅक्रो वापरा. आधी सेगमेंट, मग ऑफसेट:

फारबाइट पडदा = (फारबाइट) एमके_एफपी(०एक्सबी८००, ०);

उलट दिशेला एफपी_सेग आणि एफपी_ऑफ आहेत.

*सावधान:* किंमत न दिलेला जवळचा पॉइंटर निदान आपल्याच सेगमेंटमध्ये घाण करतो. फार पॉइंटर कुठेही करतो. आणि शून्य भरलेला फार पॉइंटर म्हणजे ००००:००००, तिथे खरीखुरी इंटरप्ट व्हेक्टरची यादी आहे. तिच्यावर लिहिलं तर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ हा संदेशही येत नाही. ती तपासणी फक्त आपल्या डेटा सेगमेंटच्या सुरुवातीची असते.

५. एक अक्षर उमटवून बघा

मोठा प्रोग्राम लिहिण्याआधी एवढंच करा. पडद्यावर प्रत्येक जागेला दोन बाइट: पहिला अक्षराचा, दुसरा रंगाचा. ८० स्तंभ, २५ ओळी, एकूण ४००० बाइट. मोजणी शून्यापासून.

पडदा[(१० * ८० + २०) * २] = 'ए';
पडदा[(१० * ८० + २०) * २ + १] = ०एक्स१एफ;

पहिला ऑफसेट १६४० येतो. १एफ म्हणजे निळ्यावर पांढरं. शेवटी गेटसीएच ठेवा, नाहीतर प्रोग्राम संपताच टर्बो सीचा संपादक आपला पडदा परत रंगवतो आणि तुम्हाला वाटतं काही उमटलंच नाही. (अल्ट आणि एफ५ दाबूनही मागचा पडदा दिसतो.)

निळ्या चौकोनात अक्षर आलं तर पत्ता, घोषणा आणि मॉडेल तिन्ही ठीक आहेत. आलं नाही तर ००४०:००४९ वरचा बाइट वाचा. तिथे चालू व्हिडिओ मोड असतो. ३ म्हणजे ८० स्तंभांचा रंगीत टेक्स्ट. ७ आला तर पडदा मोनोक्रोम आहे आणि सेगमेंट बी००० घ्यायचा. ग्राफिक्स सुरू करून ठेवलं असेल तर हा प्रयोग तिथे लागू नाही.

६. फंक्शनची हद्द

खरी गळती इथे आहे, म्हणून इथे थांबू.

स्मॉल मॉडेलच्या लायब्ररीतलं स्ट्रकॉपी दोन बाइटचे पॉइंटर घेतं. तुम्ही बी८००:०००० दिलात, कंपायलरने सेगमेंट काढून ०००० पुढे पाठवला. स्ट्रकॉपीने तो आपल्या डेटा सेगमेंटमधला समजून नाव तिथे ठेवलं. त्या सेगमेंटच्या अगदी सुरुवातीला टर्बो सीचा कॉपीराइटचा मजकूर असतो आणि प्रोग्राम संपताना त्याची बेरीज जुळवून पाहिली जाते. जुळली नाही, म्हणून तो संदेश. सुरुवातीची विद्यार्थिनी तशी नशीबवान. तिने कोपऱ्याऐवजी १६४० ऑफसेटला लिहिलं असतं तर संदेशही नसता. स्वतःचाच एखादा ग्लोबल ॲरे खराब झाला असता, आणि चूक दिसली असती ती भलत्याच फंक्शनमध्ये.

(नाव पडद्यावर टाकायला स्ट्रकॉपी तसंही निरुपयोगी आहे, प्रत्येक दुसरा बाइट रंगाचा असल्याने एकाआड एक अक्षर रंग म्हणून जाईल. लूप लावा.)

उपाय तीन, आणि तिन्ही लागतात.

स्वतःची फंक्शनं: पॅरामीटरवर फार लिहा आणि प्रोटोटाइप हेडरमध्ये ठेवा. जवळचा पॉइंटर फार पॅरामीटरला दिला तर चालतो. कंपायलर डेटा सेगमेंट स्वतः जोडतो. स्मॉलमध्ये स्टॅकही त्याच सेगमेंटमध्ये असल्याने लोकल व्हेरिएबलचा पत्ताही नीट जातो. पेठेच्या आतल्या घराला पेठेचं नाव जोडता येतं. पेठ गाळून मात्र बाहेरचं घर सापडत नाही.

लायब्ररी: अंडरस्कोर आणि एफ लावलेल्या जोड्या वापरा: _एफमेमकॉपी, _एफस्ट्रकॉपी, _एफस्ट्रलेन. त्या स्ट्रिंग हेडरमध्ये आहेत आणि हेडर जोडणं सक्तीचं आहे. पडदा जपून ठेवायचा असेल तर:

स्टॅटिक अनसाइन्ड कॅर जुना[४०००];
_एफमेमकॉपी(जुना, पडदा, ४०००);

‘स्टॅटिक’ विसरू नका. टर्बो सीचा स्टॅक मूळात ४०९६ बाइटचा असतो. त्यात ४००० चा लोकल ॲरे म्हणजे रिक्षात कपाट.

तुमच्या आवृत्तीत या जोड्या नसतील तर मूव्हडेटा आहे. त्याला सेगमेंट आणि ऑफसेट सुटे द्यायचे. पण त्यात आधी स्रोत आणि मग मुक्काम येतो, मेमकॉपीच्या नेमकं उलट. रिकामा बफर पडद्यावर आणि पडदा पुसलेला, असं झालं तर क्रम बघा.

छपाई: प्रिंटएफला कितीही अर्ग्युमेंट देता येतात, त्यामुळे कंपायलर तिथे काहीच तपासत नाही. वॉर्निंगही नाही. फार स्ट्रिंगसाठी टक्का-एस चालत नाही, मध्ये कॅपिटल एफ घालून टक्का-एफ-एस लिहा. पत्ता छापायला टक्का-एफ-पी; मग तो सेगमेंट:ऑफसेट असा पूर्ण दिसतो. एफ विसरलात तर प्रिंटएफ दोनच बाइट उचलतं आणि उरलेला सेगमेंट पुढच्या टक्का-डीच्या वाट्याला येतो. तुमच्या आउटपुटमध्ये -१८४३२ हा आकडा कुठून आला असं कोडं पडलं असेल, तर तो बी८०० आहे.

फाइल वाचायची असेल तर एफरीडला फार बफर देता येत नाही. एकतर ५१२ बाइटच्या जवळच्या बफरमध्ये वाचून _एफमेमकॉपीने पुढे सरकवा, किंवा _डॉस_रीड घ्या. ते मुळातच फार पॉइंटर मागतं.

*तपासा:* प्रोग्राममध्ये फार पॉइंटर ज्या ज्या फंक्शनला जातो त्यांची नावं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे प्रोटोटाइपमध्ये फार दिसतंय का, टिक करा. हे हातानेच करा, पाच मिनिटं लागतात.

७. दूरचा हीप

मॅलॉक जवळच्या हीपमधून देतं. बाहेरची मेमरी फारमॅलॉक देतं, आणि त्याचं प्रोटोटाइप अॅलॉक हेडरमध्ये आहे. हेडर जोडला नाही तर सी कंपायलर गृहीत धरतो की हे फंक्शन इन्ट परत करतं. मग सेगमेंट तर जातोच, शिवाय मापही लाँगऐवजी इन्ट म्हणून जातं. एकाच विसरण्यात दोन्ही बाजूंनी नुकसान.

दुसरी चूक गुणाकाराची. २०,००० लाँग हवेत म्हणून लिहिलं जातं:

फारमॅलॉक(२०००० * साइझऑफ(लाँग))

८०,००० बाइट हवे असतात. पण गुणाकार १६ बिटमध्ये होतो, ६५,५३६ वर फिरतो आणि मागणी जाते १४,४६४ बाइटची. ती खुशाल मान्यही होते. आकड्याला एल लावा: २००००एल.

किती शिल्लक आहे ते फारकोरलेफ्ट सांगतं, छापताना टक्का-एल-यू. संपादकाच्या आतून चालवताना हा आकडा कमी येतो, कारण संपादक स्वतःच मेमरीत बसलेला असतो. मेमरी मिळत नसेल तर ईएक्सई बाहेर डॉस प्रॉम्प्टवर चालवून बघा आणि मगच कोड बदला.

परत आलेला पॉइंटर नल आहे का, ते नेहमी तपासा. वर सांगितलंच आहे की फार नल म्हणजे व्हेक्टरची यादी.

८. पॉइंटर पुढे सरकवणं आणि ६४ केबीची भिंत

फार पॉइंटरमध्ये बेरीज केली की फक्त ऑफसेट बदलतो. हातचा सेगमेंटमध्ये जात नाही. वरच्याच ॲरेत १६,३८४ वा घटक बघा: १६३८४ गुणिले ४ म्हणजे नेमके ६५,५३६, म्हणजे ऑफसेट फिरून शून्याव्या घटकावर. शेवटचे ३,६१६ घटक सुरुवातीच्या घटकांवर लिहिले जातात. आणि फारमॅलॉकने ऑफसेट ४ दिला असेल तर १६,३८३ वा घटक ऑफसेट शून्यावर पडतो, जिथे हीपने या ब्लॉकचा हिशेब ठेवलेला आहे. मग कोसळतं ते फारफ्री, आणि दोष त्याच्यावर येतो.

ब्लॉक ६४ केबीहून मोठा असेल तर पॉइंटर फारऐवजी ह्यूज घोषित करा. टर्बो सी ह्यूज पॉइंटर दर वेळी असा मांडतं की ऑफसेट १६ पेक्षा कमी राहतो आणि वाढ सेगमेंटमध्ये जाते. वेग कमी होतो, कारण साध्या बेरजेलाही मदतनीस रूटीन बोलवावं लागतं. म्हणून सगळीकडे ह्यूज लावू नका. आतल्या लूपमध्ये ६४ केबीच्या आतला तुकडा फार पॉइंटरने फिरवा.

तुलनेतही भानगड आहे. बरोबर आणि बरोबर-नाही या तुलना चारही बाइट बघतात. लहान-मोठेपणाच्या तुलना फक्त ऑफसेट. बी८००:०००० आणि बी०००:८००० ही मेमरीतली एकच जागा आहे, पण फार पॉइंटर म्हणून विचारलं तर दोन्ही वेगळे ठरतात. म्हणून ‘पॉइंटर शेवटापेक्षा लहान आहे तोवर’ असा लूप लिहू नका. घटक मोजणारा साधा काउंटर ठेवा.

९. बायोसचे आकडे वाचताना

००४०:००६सी वर घड्याळाचे ठोके असतात, चार बाइट, सेकंदाला साधारण १८.२. हा आकडा तुमच्या प्रोग्रामच्या पाठीमागे बदलत असतो, म्हणून घोषणेत व्होलटाइल हवं. नाहीतर चांगला ऑप्टिमायझर तो एकदाच वाचून लूपमध्ये अडकवतो. शिवाय १६ बिटच्या कोडमध्ये चार बाइट दोन खेपांत वाचले जातात. मध्येच ठोका पडला तर दोन अर्धी दोन वेगळ्या क्षणांची येतात. डिसेबल, वाचन, एनेबल, या क्रमाने करा, किंवा दोनदा वाचून सारखं येईपर्यंत फिरा.

डॉसच्या सेवांना पत्ता देताना इन्टडॉसएक्स वापरा, साधं इन्टडॉस नाही. आधी सेगरीडने एसरेग्ज (सेगमेंट रजिस्टरांचं स्ट्रक्चर) भरून घ्या, मग त्यातल्या डीएसमध्ये एफपी_सेग आणि रेग्जमधल्या (बाकी रजिस्टरांच्या) डीएक्समध्ये एफपी_ऑफ ठेवा. सेगरीड वगळलं तर ईएसमध्ये जो कचरा असेल तोही प्रोसेसरकडे जातो.

१०. परत करणं

फारमॅलॉकने घेतलेलं फारफ्रीनेच सोडायचं. फ्री वापरलंत तर पुन्हा तेच: सेगमेंट गळतो आणि जवळच्या हीपमधला त्याच ऑफसेटचा भलताच ब्लॉक मोकळा करायचा प्रयत्न होतो. ह्यूज पॉइंटर पुढे सरकवला असेल तर सुरुवातीचा पत्ता वेगळा जपून ठेवा. सोडताना तोच द्यावा लागतो.

एमके_एफपीने बनवलेला पॉइंटर कधीही सोडायचा नसतो. ती मेमरी तुम्ही घेतलेलीच नव्हती.

ओपन वॉटकॉम हा दुसरा कंपायलर वापरत असाल तर कीवर्ड दोन अंडरस्कोर लावून __फार, फारमॅलॉकच्या जागी _एफमॅलॉक, फारफ्रीच्या जागी _एफफ्री, आणि एमके_एफपी आय८६ हेडरमध्ये. बाकी टप्पे तेच, फक्त तिथला ऑप्टिमायझर कडक आहे, त्यामुळे नवव्या टप्प्यातलं व्होलटाइल टर्बो सीमध्ये विसरलं तरी निभावून जातं, वॉटकॉममध्ये निभावत नाही.